बुजगावण्याच्या पाठीवर पंप

हिंगणी, मंगळवार, दिवेलागण

डोकं नुसतं फिरलंय. यंदा कपाशीवर औषध मारायचं नाही, हे घरात सगळ्यांनी मिळून ठरवलं. गेल्या साली फवारताना यांना उलट्या झाल्या, तेव्हा सासरेच ढसाढसा रडले होते. म्हणून तर मी शेतभर काठ्या रोवल्या, पाखरांनी त्यावर बसावं आणि अळ्या टिपाव्या. दोन दिवस आलीही. आज एक नाही! जाऊन पाहते तर मधोमध बुजगावणं. यांचाच सदरा, तोंडाला फडकं आणि पाठीवर तोच फवारणीचा पंप.

घरी येऊन सासऱ्यांनाच विचारलं, "मामाजी, मी पाखरं बोलावून राह्यली अन् तुमी हाकलून राह्यले?"

"पाखरासाठी नाई गं, लोकायसाठी. फवारा नाई मारला त गाव काय म्हणन? दुरून वाटते, पोरगा फवारून राह्यला."

अळ्या वाढल्या तर हे खरंच तो पंप पाठीवर घेतील, ही धास्ती वेगळीच. आणि एवढं करून शेजारीण विचारते, "तुमच्या बुजगावण्याले पंप काऊन लावला वो?"

गाव काही फसलं नाही. पाखरं तेवढी फसली.