सोपानकाकांची एकेचाळीस वाक्यं

बेल्हे, १८ नोव्हेंबर २००४

चि. आरतीस सोपानकाकाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझा आवाजाचा डबा पोचला आणि त्यानं माझा जीव काढला. तू लिहिलंस तसा माइक डब्याला लावला, डब्याची वायर कॉम्प्युटरला लावली. हिरवा दिवा लागला. मी दोन वाक्यं बोललो, दिवा गेला. वायर काढून घातली की येतो, तिसऱ्या वाक्याला पुन्हा जातो. डॉक्टरांनी मला कमी बोलायला सांगितलंय (म्हणून तर फोन सोडून पत्र), आणि आहे तेवढा आवाज हा डबा फुकट घालवतो.

चौदा डिसेंबरला घशातल्या गाठीबरोबर स्वरयंत्रही काढणार. काकूला अक्षर येत नाही, तेव्हा पाटीवर लिहून तिच्याशी बोलायची सोय नाही. रोजची वाक्यं आधी बोलून ठेवा, एकेका बटणावर एकेक घालू, ही कल्पना तुझी. मग डबा असला का पाठवलास? चौतीस वर्षं शाळेत पोरांना वठणीवर आणलं, हा ऐकत नाही.

काकूनं बाळंतविड्याची टोपी विणायला घेतलीय. बाळाला पापा.

तुझा, रागावलेला तरी तुझाच,
सोपानकाका


मंचर, २३ नोव्हेंबर २००४

ती. काकांस आरतीचा शि. सा. नमस्कार.

डब्यावर रागावू नका. मी काम करते त्या स्टुडिओत त्यानं सहा वर्षं भजनं घेतली, कधी अडला नाही. तो जुना, तुमचा कॉम्प्युटर नवा. दोघांची ओळख करून द्यायला एक प्रोग्राम लागतो, आणि नव्या कॉम्प्युटरसाठी कंपनीनं तो काढलाच नाही. डब्याबरोबरच्या जुन्या प्रोग्रामवर भागवतात म्हणून दोघं तोडून तोडून बोलतात.

वायर कॉम्प्युटरच्या पुढच्या खाचेत असेल तर काढून थेट मागे लावा. वीज वाचवण्यासाठी कॉम्प्युटर खाच मधेच बंद करतो, ते कसं थांबवायचं ते सोबतच्या कागदावर लिहिलंय. तरीही नाही जमलं तर डब्याच्या वयाचा कॉम्प्युटर शोधा. मी स्वतः आले असते, पण बाळ बारा दिवसांचं आहे आणि सासूबाई मला उंबरा ओलांडू देत नाहीत.

काकूंना नमस्कार. माझ्यावर माया राहू द्या,
आरती


बेल्हे, ६ डिसेंबर २००४

चि. आरतीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

मागे वायर लावली. दिवा पाऊण तास राहिला, पण आवाज फाटका निघाला, पत्र्यावर खडे पडावेत तसा. शेवटी डबा पिशवीत घालून एसटीनं नारायणगावला गेलो. कॉम्प्युटरच्या दुकानदारानं पिशवीत डोकावून पाहिलं आणि लई जुना झालाय, फेकून द्या राव, म्हणाला. कशासाठी पाहिजे, एवढंही विचारलं नाही. मी तिथंच बोलायला लागलो. जुनं झालं म्हणून फेकायचं ठरवलं तर माझ्यापासून सुरुवात कर, असं म्हणालो आणि घसा बसला तो दोन दिवस उघडला नाही. असल्या माणसावर आवाज खर्च केला याचा जास्त संताप आला.

शेजारच्या कापडदुकानातून सुगनचंद ऐकत होता. त्याच्या लेकीचा, रिद्धीचा, शाळेत असतानाचा जुना कॉम्प्युटर माळ्यावर पडला होता. त्यानं तो खाली काढून पुसला, परकरांच्या गठ्ठ्यांमागे मांडला, आणि घसा बरा झाल्यावर या म्हणाला. आज गेलो. डब्याबरोबरचा तुझा तो जुना प्रोग्राम त्यावर पहिल्या झटक्यात बसला. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, त्यानं शटर अर्धं ओढलं. दोन तास दिवा हलला नाही. एकेचाळीस वाक्यं झाली. सीडी सोबत आहे.

आता चौदा तारखेला काय व्हायचं ते होवो. काकूला धीर देणारं दोन ओळींचं पत्र लिही, शेजारचा चिमाजी तिला वाचून दाखवील.

बोलता येतंय तोवरचे आशीर्वाद,
सोपानकाका


बेल्हे, २० जानेवारी २००५

चि. आरतीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

जखम भरत आलीय. तू सीडीत घालून पाठवलेली बटणं घरच्या कॉम्प्युटरवर चालतात, आणि वाजवायला आता डबाही लागत नाही. पण घरात अबोला आहे आणि चूक माझी आहे.

परवा चष्मा सापडेना. काकू गोठ्यात, गाय विताना अडलेली. मी बटण दाबलं, माझा चष्मा कुठंय. ती येईना म्हणून पुन्हा दाबलं. एकूण आठ वेळा. ती धावत येताना पाय घसरून पडली, कोपर सोललं. चष्मा माझ्या खिशात होता. ती एवढंच म्हणाली, की आवाज व्हता तेव्हा निदान दोनदा वरडून तुमी दमायचा.

दोन दिवस ती वेगळी जेवतेय. मी एकेचाळीसही वाक्यं दाबून पाहिली. बहुतेक सगळे हुकूम. माझं चुकलं, हे एकातही नाही. ते बोलून ठेवावं असं मला सुचलंच नाही, याचा स्वतःवरच संताप येतो. चिमाजी म्हणाला, मी तुमच्या वतीनं सांगतो. ते मला नको. ‘माझं जेवण झालं’ आणि ‘तुझं काय चुकलं ते सांगू का’ या दोन वाक्यांतून तुला काही जमवता येईल का?

वाट पाहणारा,
सोपानकाका


मंचर, २७ जानेवारी २००५

ती. काकांस शि. सा. नमस्कार.

जमवलं. नवी सीडी सोबत आहे, चिमाजीकाकांना घालायला सांगा. ‘माझं’ मऊ आलंय, ‘चुकलं’ मात्र अंगावर येतं. मी पुष्कळ घासलं, धार जात नाही. एकेचाळीस वाक्यांत ‘कुठंय’ अकरा वेळा आहे, हेही मोजलं, रागावू नका.

काकूंच्या कोपराचं कळवा. अशीच हक्काची कामं सांगत जा,
आरती


बेल्हे, ३ फेब्रुवारी २००५

चि. आरतीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

काल काकू भाकरी थापत होती तेव्हा एकदाच दाबलं. तिचा हात थांबला. म्हणाली, चुकलं म्हनतानाबी दमच देताय. मग भाकरी उलटली, दोन ताटं घेतली आणि शेजारी मांडली. जेवण झाल्यावर म्हणाली, त्ये बटण कुठलं ते मला दावा. तुमी इसराल, मीच दाबत जाईन.

बाळासह एकदा येऊन जा,
सोपानकाका