जांभळ्या धानातलं गवत

बाबा,

गवताला अक्कल नसते, हे तुमचं म्हणणं बरोबर होतं. त्याच्या पुढचं सगळं चूक होतं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, माझे केस पिकले, निवृत्ती तोंडावर आली, ऊर्जानगरचं क्वार्टर सोडायचे आमचे दिवस जवळ आले, तरी तुमच्याशी भांडायची माझी खोड जात नाही. कॉलेजात उत्क्रांतीचा धडा शिकवायला उभी राहिले की दरवर्षी ठरलेल्या ठिकाणी माझा आवाज चढतो. मागच्या बाकावरची पोरं एकमेकांकडे बघतात. मॅडमला आज काय झालं, असं त्यांना वाटत असेल. त्यांना कुठे माहीत, की मी त्यांच्याशी नाही, तुमच्याशी बोलत असते.

सुरुवात तुम्ही चांगली केली होती, हे मान्य करते. आपल्या चिमूरकडच्या शेतात रानधानाचं गवत फार. लहान असताना ते हुबेहूब धानासारखं दिसतं, निंदायला आलेल्या बायांनाही ओळखू येत नाही. लोंबी आली की कळतं, पण तोवर उशीर झालेला असतो, कारण त्याचे दाणे कापणीच्या आधीच चिखलात गळतात आणि पुढच्या वर्षी तिथेच उगवतात. त्यावर उपाय म्हणून तुम्ही धानोऱ्याकडच्या सोयऱ्यांकडून जांभळ्या पानाच्या धानाचं बी आणलंत. जांभळ्यात हिरवं दिसलं की उपटायचं, एवढं सोपं. गाव हसलं. तुमचे सख्खे धाकटे भाऊ, म्हणजे आमचे काका, शेजारच्या शेताच्या बांधावर उभं राहून सगळ्यांत मोठ्यानं हसले. "दादा, वांगे लावले काय?" तुम्हीही हसलात. त्या वर्षी निंदण कधी झालं ते कळलंही नाही. बाया गप्पा मारत मारत हिरवं उपटत गेल्या आणि तुम्ही शेताच्या धुऱ्यावर कमरेवर हात ठेवून उभे. मला आजही तुम्ही तसेच दिसता. पांढरा बनियान, डोक्याला दुपट्टा, आणि चेहऱ्यावर असा भाव की जणू ते धान तुम्हीच जन्माला घातलंय.

मग काही वर्षांनी ते झालं. कापणीच्या तोंडाशी पाहिलंत तर जांभळ्या धानात जांभळंच रानधान. पानं तीच, रंग तोच, आणि दाणे गळून खाली चिखलात. तुमचं डोकं फिरलं. आणि फिरलं ते नेमकं कुठे गेलं? त्या उन्हाळ्यात आपल्या घराच्या छपराचे कवेलू फेरायला काढले होते, म्हणून बी काकांच्या घरी धानाच्या ढोलीत ठेवलं होतं. झालं. तुम्हाला चोर सापडला: काकांनीच बियात रानधान मिसळलं. एका हातात उपटलेल्या गवताची जुडी घेऊन तुम्ही काकांच्या अंगणात गेलात, आणि मी दिवाळीच्या सुट्टीत आलेली, तुमच्या मागे धावत. "घे तुह्यं बी!" म्हणून तुम्ही ती जुडी त्यांच्या पायाशी फेकलीत. काका पाटावर जेवायला बसले होते. हातातला घास तसाच धरून ते उठले. "दादा, मी काऊन करन असं?" एवढंच म्हणाले. काकू दारात उभी राहून रडत होती. तुम्ही पाठ फिरवली ती फिरवलीच.

त्या रात्री जेवताना मी तुम्हाला समजावलं. किती नीट समजावलं, बाबा! तेव्हा मी कॉलेजात हेच शिकत होते, अंगात जोर होता. म्हटलं, कोणी काही मिसळलं नाही. रानधान आणि धान जवळचे नातलग, एखाद्या वेळी वाऱ्यानं एकाचा पराग दुसऱ्यावर पडतो. त्यातून एखादं रोप जांभळं निघतं. निंदताना हिरवं उपटलं जातं, ते जांभळं वाचतं. त्याचेच दाणे गळतात, पुढच्या वर्षी त्याचीच पोरं. असं होत होत सगळं रानधान जांभळं. तुम्ही भात कालवत म्हणालात, "गवताले अक्कल असते काय? सोंग घ्याले अक्कल लागते. अक्कल मानसाले असते." मी कपाळावर हात मारला. शेजारी आई उद्याचे तांदूळ निवडत होती. मी तिचं सूप ओढलं. म्हटलं, हे पाहा, आई काळे खडे वेचते, लाल वेचते. मग दाताखाली कोणता येतो? पांढरा. तो काय हुशार आहे म्हणून पांढरा झाला? पांढरा होता म्हणून वाचला. तुम्ही म्हणालात, "गोट्याले लेकरं होतेत काय?" आणि स्वतःच्याच विनोदावर हसलात. आई मात्र सुपाकडे बघत हळूच म्हणाली, "झाले असते तं सारे पांढरेच झाले असते." तिला एका वाक्यात कळलं होतं. माझ्या वर्गातल्या कित्येकांना वर्षभरात कळत नाही.

तुम्हालाही कळलं होतं. माझा राग त्याचाच आहे. कारण हसू थांबल्यावर तुम्ही ताट सरकवलंत आणि मला विचारलंत, "म्हंजे मीच केलो काय? एवढे वर्स वाकून वाकून निंदलो, ते मीच वाढवलो?" मी म्हटलं, हो, तसंच म्हणायचं तर तसं, पण त्यात तुमचा दोष नाही. तुम्हाला दोष हवाच होता. तो तुमच्या हातांचा नसेल तर भावाचा. दोनातला एक निवडायचा होता आणि तुम्ही भाऊ निवडलात. आई सूप घेऊन उठली. मीही उठले.

मग पुढची सगळी वर्षं. पोळ्याला बैल त्यांच्या दारावरून न्यायचे नाहीत म्हणून तुम्ही गावाला वळसा घालायचात. त्यांच्या मुलीच्या लग्नाच्या दिवशी तुम्हाला चिमूरला काम निघालं. कसलं काम? बसस्टँडवर बसून चहा पीत होतात, मला कंडक्टरनं सांगितलं. त्यांच्याकडे रोवायला जाणाऱ्या बाया तुमच्याकडे येऊ नयेत म्हणून तुमची रोवणी त्यांच्या आधी. मी वर्गात शिकवते की एका जातीच्या दोन व्हायला मध्ये डोंगर किंवा नदीच लागते असं नाही. दोघांचा फुलायचा काळ वेगळा झाला तरी पुरतं. एकमेकांचा पराग एकमेकांपर्यंत पोचत नाही, दोघं आपापल्या वाटेनं बदलत जातात, आणि पुष्कळ पिढ्यांनी समोरासमोर आले तरी त्यांची वीण जुळत नाही. हे सांगताना मला तुमचा तो बांध आठवतो. पुष्कळ पिढ्या कुठल्या, आपल्याकडे दोनच पुरल्या. काकांचा नातू मला चिमूरच्या स्टँडवर भेटला तेव्हा बाजूला सरकून जागा देत म्हणाला, "बसा बाई, तुमी कुठच्या?" आपल्याच घराचं नाक, आपल्याच घराचे कान, आणि मला विचारतो कुठच्या!

मला वाटलं होतं, शेवटी तरी तुम्ही बोलाल. चंद्रपूरच्या दवाखान्यात मी तुमच्या उशाशी बसून होते. तुम्ही मला जवळ बोलावलंत, मी कान तोंडाजवळ नेला. "बी आपल्याच घरी ठेवजा," म्हणालात. बस. एवढा श्वास उरला होता आणि तोही तुम्ही त्यावर घालवलात. तेव्हा मी रडले ते दुःखानं, असं सगळ्यांना वाटलं. अर्धं चिडूनच रडले होते मी, बाबा.

आता यंदाच्या हिवाळ्यातलं सांगते. काका खाटेला खिळलेत, असा चुलतभावाचा फोन आला. पहिलाच फोन. मी गेले. अंगणात उन्हात खाट टाकली होती, त्याच अंगणात. काका इतके वाळलेत की तुमचाच चेहरा दिसतो. त्यांनी मला हातानं खाटेवर बसायची खूण केली. मग म्हणाले, "पोरी, दादा जातानी तू जवळ होती. माह्याबद्दल काई बोल्ला काय?"

काय सांगायचं होतं मी? बी घरी ठेवा म्हणाले, हे?

"हो काका, बोल्ले," मी म्हटलं. "म्हणाले, धाकट्याचा काई दोष नाई. ते गवताचं गवतानंच झालं."

काकांनी डोळे मिटले. मला वाटलं, संपलं. पण ते तुमचेच भाऊ! डोळे उघडून विचारतात, "गवतानं कसं काय होईन?" मग काय, मांडला मी सगळा धडा. हिरवं, जांभळं, वारा, सूप, खडे. सगळं तुमच्या नावावर. "बाबा म्हणाले, मीच हिरवं हिरवं उपटलो, जांभळं जांभळं सोडलो. माह्याच हातानं झालं, म्हणाले." काका खाटेची दोरी चाचपत बसले. मग म्हणाले, "मी म्हनतच होतो. दादा हेकेखोर होय, पन समजल्याबिगर राहनार नाई." आणि मोठ्यानं सुनेला हाक मारली, "पोरीले जेवाले वाढ, दादाची पोरगी आली!"

आता ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटलेत की आपल्या दादानं मरताना गवताचं कोडं सोडवलं. चुलतभाऊ फोनवर मला म्हणतो, "मोठे बाबा डोक्यानं लई तेज होते." ऐकलंत? आयुष्यभर मी खडू झिजवला आणि नाव तुमचं झालं. कुठे असाल तिथे मिशीत हसत असाल.

हे पत्र मी ठेवणार नाही. तो नातू आता सुट्टीच्या दिवशी इथे येतो, आत्या म्हणतो, माझी पुस्तकं उपसतो. त्याच्या हाती लागलं तर काकांपर्यंत जाईल. तेव्हा लिहून झालं की फाडणार आहे.

फक्त एक सांगायचं राहिलं. त्या अंगणात "माह्याच हातानं झालं" म्हणताना मी तुमचाच आवाज काढला होता, बाबा. आणि ते तुमच्याच तोंडून ऐकल्यासारखं होऊन तुमच्यावरचा माझा राग तेवढ्यापुरता गेला होता.