जर्मन जावई

आखन, जर्मनी, ६ नोव्हेंबर २०१६

बाबा, नमस्कार. रागात पाल्हाळ होतो, म्हणून आधी घडलं ते क्रमाने.

१. लग्नाच्या पत्रिकेत तुम्ही वोयतेखला 'जर्मन अभियंता' छापलंत.
२. इंग्रजी पत्रिका मला न दाखवता प्रागला त्याच्या आजींना पाठवलीत.
३. आजी आता लग्नाला यायला तयार नाहीत.

वोयतेख झेक आहे, हे तुम्हाला माहीत होतं. फोनवर म्हणालात, "अगं, झेक म्हटलं की चार प्रश्न येतात. जर्मन म्हटलं की लोक माना डोलावतात."

आजींचे वडील शाळामास्तर होते. १९३९ साली जर्मन सैन्य आल्यावर त्यांनी वर्गातली पहिले राष्ट्राध्यक्ष मासारिक यांची तसबीर उतरवायला नकार दिला. त्यांना नेलं, ते परतले नाहीत. आजी तेव्हा नऊ वर्षांच्या होत्या. काल त्या वोयतेखला म्हणाल्या, "सहा वर्षं खपून त्यांना आपल्याला जर्मन करता आलं नाही. तुझ्या सासऱ्यांना एक पत्रिका पुरली."

पहिली पत्रिका तुम्ही कसबा गणपतीपुढे ठेवलीत, म्हणजे देवालाही खोटंच सांगितलंत.

माझी काळजी नको, वेळेवर जेवते. झोप तेवढी येत नाही. आईचा गुडघा कसा आहे? पत्रिकेबद्दल तिला तरी विचारलं होतंत का?

पत्रिका नव्याने छापा. आजींना स्वतःच्या हाताने माफीचं पत्र लिहा, भाषांतर वोयतेख करेल. त्या आल्या नाहीत, तर मीही येणार नाही.

२७ नोव्हेंबरपर्यंत उत्तर पाठवा.

तुमची,
शमिका