मागणी वाढणारच!

२ मार्च
आजपासून रोज लिहायचं. पहाटे फिरायला जायचं. चहात साखर बंद.
हे पलंगावर बसून, दिव्याशिवाय लिहितोय. आमच्या बेडरूममध्ये दिवा नाहीच. खिडकीसमोर रिफायनरीची चिमणी आणि तिच्या टोकाला रात्रंदिवस गॅसची ज्वाला. लग्नानंतर कंपनीच्या या वसाहतीत राहायला आलो तेव्हा हिने पडदे मागितले होते. मी म्हटलं, फुकटचा उजेड मिळतोय, तो पैसे खर्चून अडवायचा? ही तेव्हापासून डोळ्यांवर ओढणी घेऊन झोपते.

५ मार्च
फिरणं झालं नाही. बुटाची लेस तुटली.
वार्षिक अंदाज लिहायला घेतला. जगाला पुढे किती तेल लागेल हे आमच्या कंपनीत मी सांगतो. दरवर्षी वाढणार म्हणून सांगतो. यंदा साहेबांनी हळूच विचारलं की आलेखातली रेष शेवटी जरा खाली वळवली तर? म्हटलं, साहेब, माझी रेष म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. साहेब हसले नाहीत. त्यांना विनोद कळत नाही.

९ मार्च
वसाहतीतला पेट्रोल पंप बंद झाला. ज्या गावात तेल शुद्ध होतं तिथेच पेट्रोल नाही! पंपवाल्याला धंद्याची अक्कल नाही, दुसरं काय. गाडी दारात उभी.
हिने भावाकडून विजेवरची स्कूटर मागवली. मी स्पष्ट सांगितलं, या घराने तेलाचं मीठ खाल्लंय, मी त्या खेळण्यावर मरेपर्यंत बसणार नाही. ही म्हणाली, बसा नाहीतर चालत जा. चालत गेलो. म्हणजे व्यायामही सुरू झाला.

१४ मार्च
ऑफिसच्या खिडकीतून बंदर दिसतं. भरलेली जहाजं खोल पाण्यात नांगर टाकून नुसती उभी आहेत. कँटीनमधला वाढपी म्हणत होता की माल घ्यायला कुणी तयार नाही, सगळ्यात मोठ्या गिऱ्हाईकाच्या देशातल्या बसगाड्या म्हणे विजेवर गेल्या. हौस आहे, फिटेल. जहाजं भाव चढायची वाट बघताहेत. मी अंदाजात तसं लिहिलंसुद्धा.
दोन चमचे साखर घेतली. डोकं फार चालवलं की लागते.

१९ मार्च
मुलगी आणि जावई जेवायला आले. मुलीला सहावा महिना. जावई इथल्याच बँकेत. बँकेने विचारलंय की दुसऱ्या शहरात बदली हवी असेल तर महिनाअखेरीपर्यंत कळवा, इथे राहिलात तर पुढची हमी नाही. गावात काहीबाही ऐकू येतं, म्हणून जावयांनी माझा सल्ला विचारला. तेलातलं तुम्हालाच कळतं बाबा, असं म्हणाले. गुणी मुलगा.
मी छाती ठोकून सांगितलं, इथेच राहा. नातवंडाने या खिडकीत बसून ज्वाला बघायची आहे. ही भांडी जरा जास्तच आपटत होती.

२३ मार्च
ज्वाला बारीक झालीये. लिहिलेलं दिसत नाही म्हणून खुर्ची खिडकीला लावली. बारीक म्हणजे चांगलंच. गॅस वाया जात नाही, कार्यक्षमता वाढली.
समोरच्या ओळीतल्या क्वार्टर्सना कुलपं. शेजारचे निरोपही न घेता गेले, जाताना दारावरची नावाची पाटी तेवढी काढून नेली. ही म्हणते, मागच्या अंगणात आता आपलेच कपडे वाळतात. बरंय की, दोरी मोकळी.

२५ मार्च
साहेबांनी सगळ्यांची मीटिंग बोलावली होती. कपातीचं रडगाणं असणार. डोकं दुखतंय सांगून घरी आलो. अंदाज पूर्ण करायचा होता, पण झोप लागली.

२७ मार्च, संध्याकाळ
आली! तेजी आली!
चिमणीवर प्रचंड ज्वाला. खोली नारिंगी झालीये, हातावरचे केससुद्धा दिसताहेत. काचा थरथरताहेत. जुन्या तेजीत अशीच असायची. तेल जास्त शुद्ध करायचे तेव्हा उरलेला गॅस असा जाळायचे, मला चांगलं आठवतं.
लगेच जावयांना फोन केला. बँकेला आत्ताच नाही म्हणून कळवा म्हटलं.  ते म्हणाले, तुम्ही म्हणताय म्हणजे विचार करूनच. कळवतो.
ही खिडकीशी उभी आहे. म्हणते, मला हे बरं दिसत नाही. बायकांना मोठं काही झालं की भीती वाटते. खरं तर आवाज फारच मोठा आहे. मलाही झोप येईलसं वाटत नाही.

२८ मार्च
साहेबांच्या केबिनमध्ये शिरता शिरताच अभिनंदन केलं. ते म्हणाले, कसलं? रिफायनरी बंद होतेय, त्या दिवशी मीटिंगमध्ये तेच सांगितलं. पाइपात उरलेला गॅस जाळून टाकावा लागतो, म्हणून एवढी ज्वाला. किती दिवसांसाठी बंद, मी विचारलं. ते म्हणाले, दिवस कसले, आता कायमचंच.
घरी पळत आलो. हिला म्हटलं, स्कूटर काढ. हिने किल्ली घेतली. हिच्या मागे बसून बँकेत गेलो. उतारावर डोळे मिटून घेतले होते.
जावई काउंटरवर होते. म्हणाले, बाबा, कालच कळवलं. त्या जागेवर आज सकाळी दुसऱ्याचं नाव गेलं. रागावले असते तर बरं झालं असतं. मला खुर्ची दिली, पाणी आणून दिलं.

२९ मार्च
संध्याकाळी ज्वाला विझली. मी खिडकीतच होतो. एकदा लहान झाली, मग नव्हतीच. खोलीत इतका काळोख की पलंग चाचपडत शोधला. स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली बसून लिहितोय.
मुलगी आली होती. पोटावर हात ठेवून समोर बसली आणि शांतपणे विचारलं, बाबा, आता पुढे काय होणार?
या एका प्रश्नाचा मी आयुष्यभर पगार घेतला. म्हटलं, बघू.
ही बेडरूममध्ये डोळ्यांवर ओढणी न घेता झोपली आहे.