खुराड्याची जागा

७ जानेवारी

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तू टेम्पोवाल्याबरोबर पाठवलेल्या चारही कोंबड्या आणि तुझा लाडका फौजदार सुखरूप पोचले. फौजदाराने आल्या आल्या परसाची पाहणी केली आणि पहाटेपासून सगळ्या गल्लीला हजेरीला उभं केलं. शेजारच्या शिंपीणकाकू म्हणाल्या की आता घड्याळाला किल्ली द्यायला नको.

खुराड्याच्या जागेवरून मात्र घरात दोन तट पडले आहेत. मला ते स्वयंपाकघराच्या दाराशी हवं होतं. ह्यांचं म्हणणं, वास येतो, मागे न्हाणीघराच्या आड ठेव. तिथे ऊन फिरकत नाही आणि मोरीचं पाणी साचतं, पण सध्या तिथेच ठेवलंय. तू सांग, तुझ्या शब्दाला हे मान देतील.

आणखी एक गंमत. परवा दाणे टाकताना फौजदाराने माझ्या तोंडावर झेप घेतली. डोळ्याखाली चांगलंच काळंनिळं झालंय आणि गाल सुजलाय. बाइंडिंगच्या कारखान्यात सगळ्याजणी हसतात की ठकीला कोंबड्याने हाणलं. तू काळजी करू नकोस.

तुझी माया आहे तशीच राहू दे.
तुझी ठकी

१४ जानेवारी

चि. ठकीस अनेक आशीर्वाद.

न्हाणीघराच्या आड कोंबड्या ठेवायच्या म्हणजे त्यांना आजारी पाडायचं कंत्राटच घेणं. सकाळचं ऊन हवं, वाऱ्याकडे पाठ हवी आणि तुझी नजर पोचेल अशी जागा हवी. मुंगूस माणसाची चाहूल नसते तिथेच येतं. आडोशाच्या खुराड्यात ते शिरलं की एकीला खाऊन थांबत नाही, सगळ्यांच्या माना फोडून जातं. माझं असं एकदा झालंय. सकाळी दार उघडलं तर आत पिसं आणि रक्ताचा चिखल. तेव्हा जावईबापूंना माझं नाव सांग, म्हणावं सासूबाईंनी नाकाला रुमाल बांधायला सांगितलाय. दाराला बाहेरून चांगला जाड अडसर घाल, सागाचा असला तर उत्तम.

फौजदाराचं मात्र मला पटलं नाही गं. त्याने मलाही ओरबाडलंय. कोंबडा पायामागच्या काट्याने भोसकतो, नखांनी फाडतो. त्याची जखम म्हणजे चिरा आणि भोकं, आणि तीही बहुतेक नडगीवर. काळंनिळं करायला मूठ लागते, ती देवाने त्याला दिलेली नाही. कशावर आपटलीस का? खरं काय ते लिही.

तब्येतीला जप. मी इथे आहे, हे विसरू नकोस.
तुझी आई

२२ जानेवारी

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र कारखान्यातून लिहिते आहे. उत्तर इथल्याच पत्त्यावर पाठव, घरी मुळीच नको. घरी आलेलं पत्र आधी हे फोडतात.

तुझं पत्र ह्यांनी मला मोठ्याने वाचून दाखवलं. मुठीच्या वाक्याशी थांबले, हसले, पत्राची नीट घडी घातली. मग परसात जाऊन फौजदाराला पाय धरून उचललं आणि पुढच्या रस्त्यावर नेलं. शिंपीणकाकू होत्या, समोरचा सायकलवाला होता, शाळेतून येणारी मुलं होती. सगळ्यांना सांगितलं की ह्या कोंबड्याने माझ्या बायकोचं तोंड फोडलं, मी ते कसं सहन करू. त्याला पायरीच्या दगडावर आपटलं. तो एका आपटण्यात मेला नाही, आई. चोच मोडली तरी पंख फडफडवत होता. हे आपटत राहिले, त्याचं डोकं राहिलं नाही तोवर. सायकलवाला म्हणाला की नवरा असावा तर असा. मी दारात उभी होते आणि मान डोलावली.

आता तुला सांगून टाकते. कोंबडा मला कधी शिवलासुद्धा नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यापासून हे असंच आहे. आधी अंगावर मारायचे, दिसायचं नाही. आता तोंडावर मारतात. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना, त्यातलं अक्षर न् अक्षर मला माहीत आहे. गेल्या आठवड्यात माझा हात दाराच्या फटीत धरून दार लोटलं. दोन बोटं वाकत नाहीत, पुठ्ठे चिकटवताना त्रास होतो. लोकांना काय सांगायचं, कोंबडाही उरला नाही.

न्हाणीघराआडची जागा खरं तर मलाही सोयीची वाटली होती. खुराडं झाडायच्या निमित्ताने तिथे बसून रडता येतं. तू इकडे येऊ नकोस. तू आलीस तर तू गेल्यावर माझं काय होईल ते मला माहीत आहे.

मला टाकून देऊ नकोस.
ठकी

२८ जानेवारी

चि. ठकीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी परसातल्या लाकडांवर कुऱ्हाड घेऊन तुटून पडले. सगळं सरपण फोडून झालं तरी हात थांबेना. तुझ्या वडिलांनी मला आयुष्यात एकदाही बोट लावलं नाही, म्हणून जगात सगळीकडे तसंच असतं असं मी धरून चालले. जावई निर्व्यसनी, कामाचा पक्का, कारखान्यात लेथच्या यंत्रावर त्याचा हात धरणारा कोणी नाही, हेच सगळ्यांना सांगत फिरले.

तू उठून इकडे ये. एका खोलीत आपण दोघी मावतो, आधीही मावत होतो. पण तू आज उद्या येणार नाहीस, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. तू आधी लोक काय म्हणतील याचा विचार करशील, मग कारखान्यातल्या हजेरीचा, मग कोंबड्यांचा. म्हणून येईपर्यंत एवढं कर. खुराडं हलव. शिंपीणकाकूंची शिवणाच्या मशीनजवळची खिडकी तुझ्या परसावर उघडते ना, बरोबर त्या खिडकीखाली ठेव. दिवसभर त्या तिथे बसलेल्या असतात. दाणे टाकायला, अंडी काढायला, झाडायला तू जितक्या वेळा जाशील तितक्या वेळा त्यांना दिसशील. चेहरा लपवू नकोस. त्यांनी विचारलं तर खरं सांग. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, मग झाकायचं कशाला?

मारणाऱ्याला आडोसा लागतो. तोच त्याला देऊ नकोस.

वाट पाहते आहे. पोटभर जेव.
तुझी आई

५ फेब्रुवारी

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

हे कामासाठी बाहेरगावी गेले आणि त्याच दिवशी मी खुराडं हलवलं. काकूंनी दुसरी बाजू उचलली. त्यांचं वय बघता मी नको म्हणत होते, तर म्हणाल्या की ढिगाने कपडे शिवलेत, हात अजून शाबूत आहेत. खुराडं टेकवल्यावर त्यांनी माझी बोटं हातात घेतली आणि विचारलं. मी सांगितलं, आई. सगळं. त्या रागावल्या, पण माझ्यावर नाही. म्हणाल्या की भिंतीतून आवाज येत होता, नवरा-बायकोत आपण कशाला पडा म्हणून मशीन जोरात चालवत राहिले.

नव्या जागी ऊन आहे. आठवडाभर अंडं न देणाऱ्या करड्या कोंबडीने पुन्हा अंडं दिलं. आज पुष्कळ दिवसांनी पोटभर जेवले, तू सांगितलंस म्हणून.

हे उद्या येतात. जागा बदललेली बघून काय करतील, ते लिहायला नको.

आठवण काढत राहा.
ठकी

१९ फेब्रुवारी

ती. सासूबाई यांस,
सा. न. वि. वि.

उजवा हात प्लास्टरमध्ये असल्याने डाव्याने लिहितो आहे, अक्षराबद्दल क्षमस्व. कारखान्यात, नात्यागोत्यात सगळ्यांना मी पायरीवरून पडलो असंच सांगितलं आहे. घरची अब्रू झाकणं हे माझं कर्तव्य.

आपली मुलगी आपल्याकडे आहे हे समजलं. मला न विचारता खुराडं हलवलं, त्यावरून थोडी बोलाचाली झाली. चार भांडी एकत्र आली की आवाज होणारच, घरोघरी मातीच्या चुली. शेजारणीने कांगावा करून गल्ली गोळा केली नसती तर गोष्ट तिथेच मिटली असती. तरी मी मन मोठं करून सगळं विसरायला तयार आहे. चार समजुतीच्या गोष्टी सांगून तिला पाठवून द्यावं. चौकीवर जे लिहून दिलं आहे तेही तिने मागे घ्यावं, म्हणजे माझ्या नोकरीवर गदा येणार नाही. लेथवाल्याचा उजवा हात म्हणजे त्याचं पोट, हे आपण जाणताच.

आपला आशीर्वाद पाठीशी असावा, ही विनंती.
आपला जावई

२४ फेब्रुवारी

जावईबापू,

आशीर्वाद लिहायला हात गेला आणि मागे आला.

तुम्ही बोलाचाली म्हणता त्याची हकिकत मला शिंपीणबाईंनी सांगितली. तुम्ही आलात, खुराडं लाथेने उलथवलं आणि बाहेर पडलेल्या कोंबड्यांवर बूट घालून उभे राहिलात. करडीची आतडी बाहेर आली होती. ठकीने तिला उचलायला वाकावं तर तुम्ही तिचे केस धरून तिचं डोकं खुराड्याच्या चौकटीवर आपटलंत, पुनःपुन्हा, डाव्या बाजूने. काकू खिडकीतून ओरडत होत्या तरी थांबला नाहीत. तुमचा उजवा हात तिच्या गळ्याशी आला तेव्हा तिच्या हाताला खुराड्याचा अडसर लागला. तिने तो तुमच्या मनगटावर घातला. तुम्ही सोडलं नाहीत, म्हणून परत घातला. हाड मोडल्याचा आवाज काकूंना खिडकीपर्यंत ऐकू आला. सायकलवाल्याने आणि इतरांनी तुम्हाला धरून ठेवलं, म्हणून तुमचा दुसरा हात शाबूत आहे.

मनगटाबद्दल तुम्हाला वाईट वाटतं तसं मला वाटत नाही. मी खरं तेच लिहिते, मला ते ऐकून बरं वाटलं. तुमचं पोट त्या हातावर आहे असं तुम्ही म्हणता. माझी मुलगीही त्याच हाताखाली होती.

ती परत येणार नाही. चौकीवरचा कागद मागे घेणार नाही. शिंपीणबाईंनी आणि सायकलवाल्यानेही आपापली साक्ष लिहून दिली आहे. तुम्ही इकडे आलात तर दार मी उघडेन, आणि मी अजून रोज सरपण फोडते.

हे पत्र बंद करण्याआधी मी ठकीला विचारलं की तुला यात काही लिहायचं आहे का. ती खिडकीकडे बघत बसली होती, तिने मान वळवली नाही. मग आठवलं की मी तिच्या डाव्या बाजूला उभी आहे. त्या कानाने तिला आता ऐकू येत नाही, डॉक्टर म्हणतात येणारही नाही. मी उजवीकडे जाऊन पुन्हा विचारलं. ती म्हणाली, काही नाही.

लोभ नाही. तो मागूही नये.
ठकीची आई