खोली घनश्यामला दिली, राहायला कापूस आला

दारव्हा,
५ मार्च २००६

आदरणीय किसनदादा यांस,

धाकट्या बाबारावचा सप्रेम जयभीम. इंदुवहिनींनाही सांगावा. त्यांचे गुडघे आता कसे आहेत? आम्ही दोघं इथे सुखरूप आहोत, म्हणजे हे वाक्य लिहीपर्यंत तरी आहोत; पुढच्या वाक्याची हमी मी हल्ली देत नाही. तुमच्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला, माफी असावी. फोनच करणार होतो, पण एसटीडीच्या काचेच्या खोक्यात शिरलं की बाहेरची सगळी रांग आपलं बोलणं ऐकते, आणि मला जे सांगायचं आहे ते ऐकून कोणीतरी आगीचा बंब बोलावला असता.

तुम्ही लिहिता की यवतमाळला लोहाऱ्याच्या बाजूला दोन खोल्यांचं घर विकाऊ आहे, ते घेऊन कारखान्यातल्या पोरांना भाड्यानं द्यावं असं मनात आहे, आणि ‘तुला या कामाचा अनुभव आहे, तर सल्ला दे.’ अनुभव आहे, दादा. अंगभर आहे, आणि रात्रंदिवस खाजवतो.

एसटीतून रिटायर झाल्यावर घरामागच्या जागेत मी एक खोली काढली, हे तुम्हाला माहीत आहे (वास्तूला तुम्ही आला होता आणि ‘दार एवढं रुंद कशाला?’ असं विचारलं होतं. मी म्हणालो होतो, लोखंडी कपाट सहज आत जावं म्हणून. त्या दारावर मला फार गर्व होता). भाडेकरू कसा निवडावा यावर गावातल्या प्रत्येकाने मला सल्ला दिला. पिणारा नको, भांडणारा नको, पोरंबाळं जास्त नकोत, पाहुणे येणारा नको. मी चाळणी लावून बसलो, आणि त्या चाळणीतून घनश्याम खाली पडला. दिग्रसकडचा पोरगा, तिशीच्या आतला, धुतलेला सदरा, खाली मान. खेड्याखेड्यांतून कापूस विकत घ्यायचा आणि बाजारात नेऊन विकायचा, हा धंदा. व्यसन नाही. लग्न व्हायचं आहे. किती माणसं राहणार? ‘मी एकलाच, काका.’ सामान? ‘थोडंसंक आहे.’ मी नंदाला म्हटलं, असा भाडेकरू दिवा लावून शोधला तरी मिळायचा नाही. (दिव्याचं नाव तेव्हा काढायला नको होतं.)

दुसऱ्या दिवशी गल्लीत ट्रॅक्टर शिरला. ट्रॉलीवर कापूस, कापसावर घनश्याम. माझ्या त्या रुंद दाराशी ट्रॉली अशी मापात लागली की जणू दार तिच्यासाठीच केलं होतं. तिच्यामागे दुसरी ट्रॉली. ‘भाव पडला आहे काका, आठ रोजात येते, मंग उचलतोच.’ मी धावत जाऊन करारनामा काढून वाचला. त्यात माणसं किती ते होतं. कापूस किती ते नव्हतं. खोली छतापर्यंत भरली, आणि घनश्याम त्या ढिगावर चढून, टिनाला नाक लावून झोपायला लागला. तेव्हा दादा, भाडेकरूचं तोंड बघू नका, त्याच्या मागून काय येतं आहे ते बघा. हा पहिला सल्ला. बाकीचे जसे सुचतील तसे देतो, कारण अलीकडे मला एका जागी बसून विचार करता येत नाही.

आठ रोज गेले, भाव आला नाही. भीती मात्र आली. कापूस म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. एक ठिणगी, आणि माझी खोली, माझं घर, माझी पेन्शन, सगळं भस्म. त्यात हे भारनियमन. संध्याकाळ झाली की लाइट जाते, आणि मी घरात मेणबत्ती लावू देत नाही, कंदील लावू देत नाही. आम्ही दोघं अंधारात हाताने ताट चाचपत जेवतो; एकदा मी नंदाच्या ताटातली भाकर खाल्ली, तिने माझा चष्मा उचलून ताटात कालवला. स्टो मी अंगणातून काढून पार रस्त्याच्या कडेला नेला. तिथे नंदा स्वैपाक करते आणि येणारे-जाणारे फोडणीवर मत देऊन जातात. सकाळी वंदनेला बसतो तेव्हा तथागतांच्या फोटोपुढं न पेटवलेली मेणबत्ती उभी असते. नंदा म्हणते, ‘भगवंतानं भय सोडा म्हणून सांगितलं.’ मी म्हणतो, सांगितलं खरं, पण त्यांच्या मागच्या खोलीत कापूस नव्हता.

मग खाज सुटली. साठवलेल्या कापसाची खाज फार वाईट. आधी घनश्यामला, मग मला, मग नंदाला, मग भिंतीपलीकडच्या मानीबाईला. डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, कापूस घरात आहे तोवर औषधाचा उपयोग नाही, काही दिवस घर बदला. दादा, भाडेकरू घर बदलतो. घरमालकाने कुठे जायचं?

पण यापेक्षा मोठी भीती पुढे होती. भाव आणखी खाली गेला. घनश्यामने बाजारात जाणं सोडलं. दिवसभर खोलीच्या उंबऱ्यावर बसून राहायचा, जेवला का विचारलं तर मान हलवायचा, ती हो म्हणून की नाही म्हणून ते कळत नसे. गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्या जिल्ह्यात सकाळचा पेपर कसा उघडावा लागतो, ते तुम्हाला ठाऊक आहे. आणि एक दिवस मला त्याच्या खिडकीत एक डबा दिसला. पत्र्याचा, फवारणीच्या औषधाचा असतो तसा, झाकण घट्ट, वर चिठ्ठी नाही. त्या क्षणापासून मी खोलीसाठी भ्यायचं विसरलो. मी त्याला चहा नेऊन द्यायला लागलो. थोड्या वेळाने पुन्हा चहा. मध्ये किती वाजले विचारायचो (घड्याळ माझ्या हातात असायचं). आतून आवाज आला नाही की खिडकीशी खोकायचो, तो उलट खोकेपर्यंत. त्याला वाटलं काका भाडं वाढवणार आहेत. माझी हिंमत होईना विचारायची; विचारलं आणि नेमकं त्यामुळेच त्याच्या मनात आलं तर?

शेवटी नंदाच उठली. पदराला हात पुसत सरळ त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. ‘काहून रे बाबू, तुह्या मनात काही वाईट-वंगाळ तं नाही ना?’

घनश्याम म्हणाला, ‘मनात काही नाही काकू. अंगाले खाज सुटून राह्यली.’

डब्यात करंजाचं तेल होतं. नंदा हसली, तो हसला, मी भिंतीला टेकलो. आणि हसता हसता त्या पोराला रडू फुटलं. ढिगातला बराच कापूस त्याच्या थोरल्या भावाच्या वावरातला होता. भावाने विश्वासाने हवाली केला होता, आणि आता कोणत्या तोंडाने घरी जावं हे त्याला कळत नव्हतं. नंदा म्हणाली, ‘पयले जेव, मंग रडजो.’ तेव्हापासून तो आमच्याकडेच जेवतो. भाडेकरूला आपल्या ताटावर बसवू नये, असं सगळे अनुभवी घरमालक सांगतात. ते बरोबरच सांगतात, दादा. पण त्यांनी त्या दुपारी ते पोरगं बघितलं नव्हतं.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी तुम्हाला लोहाऱ्याचं घर घ्या म्हणून लिहिलं असतं. पण गेल्या आठवड्यात, टळटळीत दुपारी, मला धुराचा वास आला. मी डोळे उघडले तर खोलीच्या टिनावरून धूर चाललेला. मी ओरडलो की नाही ते आठवत नाही. ड्रममधलं पाणी बादल्यांनी खिडकीतून आत फेकत सुटलो. ड्रम संपला तेव्हा टाकीला नळी लावली. भिंतीपलीकडून मानीबाईचा आवाज आला, ‘काहून धावता भाऊ? म्या चुलीत कापसाच्या पऱ्हाट्या पेटवल्या, आंघोळीले पाणी ठेवलं.’

ढिगावर झोपलेला घनश्याम दारातून बाहेर आला. डोक्यापासून पायापर्यंत ओला, अंगाला कापूस चिकटलेला. तो मला एखादा वाकडा शब्द बोलला असता तर बरं झालं असतं. तो नुसता म्हणाला, ‘काका, आग कुठी हाये?’

मग आम्ही कापूस वाळवला. अंगणात, गच्चीवर, मानीबाईच्या खाटांवर, गल्लीत लुगडी अंथरून. बकऱ्या आल्या, वावटळ आली, शाळा सुटल्यावर पोरं आली. मी काठी घेऊन कापसाभोवती फिरत होतो आणि नंदा ओला कापूस पिंजत मला जे बोलत होती ते सगळं खरं होतं. बराचसा वाळला. काही पिवळा पडला.

तेव्हा दादा, तुम्ही मोठे आहात, पण हात जोडून सांगतो: घर घेऊ नका. घेतलंच तर भाड्याने देऊ नका. दिलंच तर दार अरुंद ठेवा, करारात माणसांबरोबर मालही लिहा, आणि स्वतः तिथे राहू नका.

वहिनींना नमस्कार. कळावे, लोभ असावा.

आपला धाकटा भाऊ,
बाबाराव

ता. क. तुमच्या कपिलला नागपूरला नोकरी लागल्यापासून तुमची पुढची खोली रिकामीच असते, असं वहिनी मागे बोलल्या होत्या. तुमच्या ढाणकीच्या बाजारात भाव जरा बरा आहे असं घनश्याम म्हणतो. आमच्याकडे शिमगा तोंडावर आला आहे, आणि गल्लीतली होळी नेमकी त्या खोलीसमोर पेटते. थोडे दिवस जागा मिळाली तर उपकार होतील. पोरगा गुणी आहे, हे मी स्वतः तपासलं आहे.

ता. क. पिवळा पडला तो कापूस मी घनश्यामकडून विकत घेतला. माझ्याच पाण्याने पडला होता, दुसरं काय करणार? म्हणजे त्यात थोडा माझाही आहे. हे नंदाला कळवू नये.

ता. क. नंदाने हे सगळं वाचलं. ती म्हणते, भाऊजींना खरं ते लिहा. तर खरं असं की हे पत्र मी टपालाने पाठवलेलं नाही. तुमच्या हातात ते ज्याने दिलं, तोच घनश्याम. त्याच्यामागे टेम्पो उभा आहे. पत्र बाजूला ठेवून आधी बाहेर जा, दादा. टेम्पोवाला बिडी ओढतो.