ह्यांच्या प्लॅटफॉर्मचा पाय

बिबवेवाडी, मंगळवार संध्याकाळ

आठ दिवस ह्यांनी किनाऱ्यावरून रोज फोन केला, जेवलीस का विचारलं, आणि एवढी गोष्ट लपवली! आज बोलले. ह्यांचा समुद्रातला तेलाचा प्लॅटफॉर्म जुना. पायांना थरथर मोजायची यंत्रं लावलीत. एका पायाची थरथर बदलली, म्हणून सगळ्यांना किनाऱ्यावर आणलं. त्या पायाला पाण्याखाली तडा सापडला.

"अगं, घाबरशील म्हणून नाही सांगितलं."

मी घाबरणार? पिठाची गिरणी चालवते मी. नुसता हात ठेवला की बेअरिंग गेलेलं कळतं.

असो. माणूस जमिनीवर आहे, सुटले बाई. पण आठ दिवस?

तडा सांधला, सोमवारी परत जातो म्हणतात. मी बजावलं, "सांधलेल्या पायाची थरथर तडा जायच्या आधी होती तशी झालीय का, साहेबाला विचारा. शनिवारपर्यंत मला सांगा. तोवर बॅग भरायची नाही."